महागड्या तारेनं गाणं गोड होतं का?



मागच्या पावसाळ्यात मला देवासहून एक फोन आला. फोन करणारे माझ्याच सिग्नल रेजिमेंटमधले निवृत्त सुभेदार मेजर. मूळचे साताऱ्याकडचे, सासुरवाड देवासची, म्हणून निवृत्तीनंतर सासऱ्यांच्या जुन्या घरातच राहिले. वहिनींचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं आणि त्या मागच्या खोलीत पडून होत्या. रात्री झोप लागत नाही, म्हणून साहेब त्यांना कुमार गंधर्वांची भजनं लावून देत. कुमारजींनी आयुष्याची अर्धीअधिक वर्षं देवासला काढली, तिथल्या माणसांना त्यांचं गाणं घरचंच वाटतं.

साहेब म्हणाले, "सर, गाणं मध्येच तुटतं. कधी तुटत नाही, पण फिकं लागतं. दुकानदार म्हणतो, तुमचा राउटर गाण्यासाठी नाही. खास संगीताचा नेटवर्क स्विच आणि खास केबल घ्या. दोन्ही मिळून पासष्ट हजार. एफडी मोडावी म्हणतोय."

मी हसलो. म्हणालो, "साहेब, आपण तीस वर्षं सिग्नलमध्ये काढली. एक आणि शून्याला कसली आलीय गोडी? एफडी मोडू नका." आणि फोन ठेवला.

आमच्या घरी चहा ओतता ओतता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पण गाणं तुटतं, असं ते म्हणाले ना? त्याचं काय केलंत?"

मंडळी, चौकीवरचा जवान म्हणाला की झाडीत काहीतरी हललं, तर अधिकारी हसत नाही. जाऊन बघतो. मी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी महूहून गाडी काढली आणि देवासला गेलो. तिथं काय सापडलं ते सांगतो, पण त्याआधी थोडा इतिहास बघावा लागेल. दुकानदार कुठं चुकला आणि मी कुठं चुकलो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या इतिहासातच आहेत.

सुरुवात तारायंत्रापासून करू. १८३९ साली विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरानं कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले. १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाईन पडली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले. इतक्या लांब तारेत विजेचा जोर टिकत नाही. म्हणून वाटेत ठिकठिकाणी ठाणी असत. तिथला तारबाबू आलेला निरोप उतरवून घेई आणि पुढच्या तुकड्यावर नव्यानं बडवी. यातली महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. आलेला कट्ट कितीही क्षीण असो, तो ऐकू आला आणि बाबूनं बरोबर ओळखला, की पुढे जाणारा कट्ट पहिल्याइतकाच ताजा असे. वाटेतली घाण त्या ठाण्यावरच संपे.

पुढे टेलिफोन आला आणि ही सोय गेली. टेलिफोनच्या तारेत आवाजाची हुबेहूब लहर जाते. लांब गेल्यावर ती क्षीण होते, मग ॲम्प्लिफायर लावावा लागतो. पण ॲम्प्लिफायरला आवाज कुठला आणि खरखर कुठली हे कळत नाही, तो दोन्ही मोठं करतो. दहा ठिकाणी मोठं केलं की दहा ठिकाणची खरखर साठते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सीमेवरून बोलताना आम्ही घसा फोडून ओरडायचो, ते यामुळेच. त्या काळात जाड तार, चांगला सांधा, उत्तम ॲम्प्लिफायर यानं आवाज खरोखर सुधारत असे. ग्रामोफोन आणि टेपच्या जमान्यातल्या शौकिनांनी "तार बदलली की सूर बदलतो" म्हटलं, त्यात तथ्य होतं. ती समजूत अनुभवातून आलेली होती, हे ध्यानात ठेवा.

या साठणाऱ्या खरखरीवर इलाज शोधला ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरनं. १९३७ साली पॅरिसमध्ये काम करताना त्याला वाटलं, आवाजाची लहर पाठवायचीच कशाला? तिची उंची ठरावीक वेळानं मोजावी आणि ते आकडे तारेसारखे, म्हणजे आहे-नाही अशा खुणांनी पाठवावेत. पलीकडच्या माणसानं आकड्यांवरून लहर पुन्हा काढावी. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यानं एवढंच ओळखायचं की खूण आहे की नाही, आणि पुढे ताजी खूण पाठवायची. तारबाबूची युक्ती आवाजाला लावली गेली. पण त्या काळच्या व्हॉल्व्हवर हे यंत्र बांधणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे कल्पना कागदावर राहिली.

ती जमिनीवर उतरली ती लढाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि ब्रिटनच्या नेत्यांना रेडिओवरून गुप्त बोलायचं होतं. बेल लॅबोरेटरीजनं त्यासाठी 'सिगसॅली' नावाचं यंत्र बांधलं. एकेका ठाण्याचं वजन पन्नास टनांहून अधिक. १५ जुलै १९४३ रोजी पेंटॅगॉन आणि लंडन यांच्यात त्याची सेवा सुरू झाली. लंडनचं यंत्र ठेवलं होतं सेल्फरिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात, आणि ही यंत्रं चालवत होते अमेरिकन सिग्नल कोअरचे लोक, म्हणजे आमचेच भाईबंद.

सिगसॅली बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकडे करी आणि त्यात गुप्त आकडे मिसळी. हे गुप्त आकडे कुठून यायचे? ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून. दोन्ही टोकांना एकाच तबकडीची प्रत फिरत असे. तबकडीवर गाणं नव्हतं, नुसता गोंगाट मुद्रित केलेला होता. एकदा वापरली की तबकडी नष्ट. दोन्ही टोकांच्या तबकड्या अगदी एका ठेक्यात फिरल्या, तर चर्चिलच्या माणसांना बोलणं ऐकू येई. ठेका सुटला की नुसता गोंगाट. म्हणून दोन्हीकडे अत्यंत अचूक घड्याळं लावली होती आणि तबकड्या त्या घड्याळांच्या ठेक्यानं फिरत. समुद्रापलीकडून रेडिओ कसाही डळमळत येवो, घड्याळ आपल्या खोलीतलं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

याच बेल लॅबमध्ये क्लॉड शॅनन होता. १९४८ साली त्यानं आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्याचं सार सैनिकाच्या भाषेत सांगायचं तर असं : गोंगाट असलेल्या मार्गालाही एक ठरावीक क्षमता असते. त्या क्षमतेच्या आत राहून आणि योग्य सांकेतिक पद्धत वापरून निरोप पाठवलात, तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. गोंगाटातून निरोप जवळजवळ निर्दोष नेता येतो, हे तोवर कुणी सिद्ध केलं नव्हतं.

ही सांकेतिक पद्धत म्हणजे काय, ते कुठल्याही सिग्नलच्या जवानाला विचारा. वायरलेसवर निरोप देताना तो शब्दांचे गट किती ते आधी सांगतो, घेणारा परत वाचून दाखवतो, चुकलं तर "पुन्हा सांगा" म्हणतो. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी इंटरनेटची जी रीत मांडली, तिच्यात हीच शिस्त आहे. निरोपाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर क्रमांक आणि पडताळणीचा आकडा घालायचा. पोचला की पोच द्यायची. पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा. तुमच्या घरातल्या इथरनेटच्या तारेतून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला ३२ बिटांचा पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर स्विच तो तुकडा दुरुस्त करत बसत नाही, सरळ फेकून देतो, आणि मागचा पुन्हा मागवला जातो.

आता दुकानदाराचा दावा बघू. खास स्विच गाण्याचा सूर गोड करतो म्हणे. स्विच हा तारबाबू आहे. त्याच्या हातात आकडे येतात, तो तेच आकडे पुढे देतो. "भजन जरा फिकं आलंय, मी थोडं रसाळ करून पाठवतो" असं करायला त्याच्याकडे जागाच नाही. एक आकडा जरी बदलला तरी पडताळणी फसेल आणि तुकडा कचऱ्यात जाईल.

मग लोक म्हणतात, आकडे बरोबर असले तरी ते वेळेवर, एका ठेक्यात यायला नकोत का? प्रश्न योग्य आहे. गाणं ठेक्यातच वाजायला हवं. पण सिगसॅलीची घड्याळं आठवा. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यावर दर सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत, दोन बाजूंचा आवाज मोजून लिहिलेला असतो. हे आकडे आधी एका साठवणीत भरतात आणि प्लेअरचं स्वतःचं घड्याळ ते ठेक्यात बाहेर काढतं. इंटरनेटवरच्या गाण्याचंही तसंच. आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी थेंब थेंब. टाकीत पाणी आहे तोवर खालच्या नळाला त्याचा पत्ता लागत नाही. टाकी रिकामी झाली की नळ कोरडा. पण टाकी अर्धी असताना पाणी "थोडं कमी ओलं" येतं, असं कधी होत नाही.

म्हणजे दुकानदार चुकला होता. पण मग वहिनींचं गाणं का तुटत होतं?

हिशोब करा. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला सुमारे १४ लाख बिट मागतं, म्हणजे १.४ मेगाबिट. दर्जा न घटवता आवळलं तर त्याहून कमी. साहेबांचं कनेक्शन होतं ५० मेगाबिटचं. पाईप पस्तीस पट मोठा आणि तरी टाकी रिकामी. याचं कारण घरात होतं आणि त्यालाही इतिहास आहे.

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केलं. बेटांवरचे संगणक एकाच रेडिओ लहरीवर बोलत. दोघे एकदम बोलले तर दोघांचाही निरोप वाया. मग प्रत्येकानं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. या कल्पनेवरून १९७३ मध्ये बॉब मेटकाफनं इथरनेट रचलं. तारेच्या जगात पुढे स्विच आले, प्रत्येकाला आपापला रस्ता मिळाला आणि टक्कर संपली. १९९७ साली पहिलं मानक झालेलं वाय-फाय मात्र आजही वॉकीटॉकीच्या शिस्तीनं चालतं : आधी ऐका, रस्ता मोकळा असेल तर बोला. शेजाऱ्याचा राउटर, मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, सगळे त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. शिवाय सर्वात दूरचा, क्षीण ऐकू येणारा सेट सावकाश बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो.

दुसरी गोष्ट रांगेची. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर फक्त ४०० यार्ड. पोच वेळेत आली नाही म्हणून प्रत्येकजण तोच तुकडा पुन्हा पाठवत होता आणि रस्ता त्यानंच तुंबत होता. व्हॅन जेकबसननं शोध घेतला आणि १९८८ मध्ये इलाज मांडला : पोच उशिरा आली तर जोर लावू नका, हात आवरा. पुढे २०१० मध्ये जिम गेटिस या इंजिनिअरला स्वतःच्या घरी हाच आजार नव्या रूपात दिसला. घरातल्या यंत्रांमध्ये साठवण इतकी भरमसाट ठेवलेली, की एक मोठी फाईल वर चढू लागली की बाकी सगळे तिच्या मागे रांगेत अडकत. त्यानं या आजाराला 'बफरब्लोट' म्हटलं.

आता चला देवासला.

घर जुनं, भिंती दीड-दीड फुटाच्या. राउटर पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे. मी विचारलं, "साहेब, हे कपाट कधी सरकवलं?"

"ही दवाखान्यातून आली तेव्हा. व्हीलचेअरला वाट हवी होती."

कपाट, दोन जाड भिंती आणि मग वहिनींची खोली. तिथं मोबाईलवर वाय-फायची एक काडी दिसत होती. त्यात अंगणातले दोन कॅमेरे रात्रभर चित्रण बाहेर पाठवत होते, आणि सुट्टीला आलेल्या नातवाचा फोन रात्री दहाला दिवसभराचे फोटो वर चढवायला लागे. वहिनींची भजनं लागत तीही दहालाच. बाहेर जाणारा रस्ता अरुंद, रांग लांब. गाण्याची पुढची मागणी त्या रांगेत उभी. टाकी रिकामी व्हायची ती अशी. आणि गाण्याचं ॲप हुशार असतं. रस्ता अडला की ते तुम्हाला न विचारता हलक्या दर्जाची, जास्त आवळलेली प्रत मागवतं. साहेबांना "फिकं" वाटत होतं ते भ्रम नव्हता. त्यांच्या कानांनी बरोबर अहवाल दिला होता. तो उडवून लावला मी.

आम्ही राउटर कपाटामागून काढून उंचावर ठेवला. साधी तांब्याची नेटवर्क केबल व्हरांड्यातून मागच्या खोलीतल्या प्लेअरपर्यंत ओढली. नातवाच्या फोनला फोटो पहाटे पाठवायला सांगितलं. ॲपमध्ये उत्तम दर्जा कायम केला. फोनवरून ब्लूटूथनं स्पीकरला जाणं बंद केलं, कारण ब्लूटूथ आलेलं गाणं बहुधा पुन्हा आवळतं आणि तिथं खरंच काहीतरी गळतं. एकूण खर्च साडेसातशे रुपये.

दुकानदारानं तो खास स्विच आणि केबल दोन दिवस वापरून बघायला दिले होते. मी म्हटलं, आलोच आहे तर चाचणी घेऊ. साहेबांनी नाणं उडवायचं, छापा आला तर खास स्विच, काटा आला तर साधी जोडणी, आणि वहिनींना काही सांगायचं नाही. दहा वेळा एकच भजन, तेवढाच आवाज. वहिनींनी सहा वेळा बरोबर सांगितलं. नाण्यानंही साधारण तेवढंच सांगितलं असतं.

मग खास केबल लावली. वहिनी लगेच म्हणाल्या, "साहेब, ही ओळखू येते. गाण्यामागं घूं असा आवाज येतोय."

आम्ही कान लावला. खरंच येत होता. त्या केबलला बाहेरून धातूचं वेष्टण आणि दोन्ही टोकांना धातूची बोंडं होती. साधी केबल लावली तर दोन्ही टोकांच्या यंत्रांच्या जोडणीत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट सांधा राहत नाही. या वेष्टणानं तो सांधा जोडला. पुढच्या खोलीतलं अर्थिंग आणि मागच्या खोलीतलं अर्थिंग यांतल्या फरकाचा प्रवाह वेष्टणातून ॲम्प्लिफायरमध्ये उतरला. आकडे एकही बदलला नव्हता. घरघर आली ती आकड्यांच्या शेजारून. म्हणजे तारेचा गाण्यावर परिणाम होऊच शकत नाही, असं जे मी फोनवर ठणकावलं होतं, तेही पूर्ण बरोबर नव्हतं. आकडे झाले की पुढे सगळा जुन्या काळचा, लहरींचा कारभार सुरू होतो. तिथं खरखर अजूनही साठते. फक्त त्याचा इलाज पासष्ट हजारांचा नसतो, कित्येकदा तो साधी केबल किंवा वेगळा प्लग इतकाच असतो.

तुमच्या घरी गाणं बिघडलं तर याच क्रमानं जा. तुटतं का? रस्ता आणि रांग बघा. फिकं लागतं का? ॲपचा दर्जा आणि ब्लूटूथ बघा. घरघरतं का? अर्थिंग आणि प्लग बघा. यातलं काहीच होत नसेल, तर पैसे स्पीकरवर आणि गाण्याच्या मैफलींवर खर्च करा. आणि विकत घेण्याआधी कुणाला तरी नाणं उडवायला सांगा.

स्विच आणि केबल दुकानदाराला परत गेले. एफडी शाबूत आहे. निघताना मी साहेबांची माफी मागितली. ते म्हणाले, "सर, तुम्ही आलात ना, झालं तर मग."

परवा त्यांचा फोन आला होता. वहिनी आता काठी घेऊन व्हरांड्यापर्यंत चालतात. गाणं रात्रभर तुटत नाही. मात्र वहिनींची तक्रार आहे, की पूर्वी गाणं तुटलं की साहेब उठून बघायला यायचे, आता येत नाहीत. यावर सिग्नल कोअरकडे इलाज नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.